खोटा ब्रेक

माझी बायको माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. पण एखादी गोष्ट आपल्याला माहीत असणं वेगळं आणि ती चार माणसांत, आपल्या समोर, दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. हा फरक मला चाळिशी उलटल्यावर कळला, आणि तो कळेपर्यंत चाकूरजवळ एका भल्या माणसाच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ते मी मोडलं. हात न लावता.

आम्ही दोघंही नांदेडजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. मी इलेक्ट्रॉनिक्सला, ती कॉम्प्युटरला. माझं गाव जळकोट तालुक्यात, घरी शेती. ती लातूरची, तिच्या वडिलांचं गंजगोलाईच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. ती मला कॉलेजात 'सर' म्हणायची, घरी 'अहो'. मी तिच्या सहा वर्षं आधी नोकरीला लागलो होतो. त्यामुळे लॅबच्या चाव्या कुणाकडे असतात, प्राचार्यांशी कधी बोलावं आणि कधी बोलू नये, हे सगळं तिला मीच सांगितलं. ते मला आवडायचं. मागून येणाऱ्या माणसाला वाट दाखवणं मला कधीच जड गेलं नाही, तो मागे असेपर्यंत.

एका हिवाळ्यात आम्ही सकाळी लवकर नांदेडहून लातूरला निघालो. तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. लोहा मागे पडलं आणि धुकं इतकं दाटलं की गाडीचं बॉनेट तेवढं दिसत होतं. माळाकोळीच्या अलीकडे समोर काहीतरी काळं आलं आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. उसाची ट्रॉली. रस्त्यातच थांबलेली, मागे ना दिवा ना रेडियम. उसाचे मागे लोंबणारे वाढे आमच्या काचेला टेकायचेच बाकी होते.

अहमदपूर आलं तरी मी गाडीचा वेग वाढवला नव्हता. तिचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर होता. मग ती म्हणाली, "तिनं सांगायला पाहिजे होतं."

"कुणी?"

"त्या ट्रॉलीनं. आपल्या गाडीला. 'मी इथं उभी आहे,' एवढंच. धुक्यात माणसाला दिसत नाही, पण रेडिओला धुक्याचं काय?"

वास्तुशांतीच्या पत्रिकेच्या पाठीमागे आम्ही त्याच दुपारी पहिली आकृती काढली. पाहुण्यांची जेवणं चालली होती आणि आम्ही गच्चीवर मांडवाच्या दोऱ्यांमध्ये बसून वाद घालत होतो. पुढे लोकांना सांगताना मी नेहमी 'आम्हाला सुचलं' असं म्हणायचो. सुचलं तिला होतं.

कल्पना साधी होती. परदेशात मोठ्या कंपन्या हेच करतात, आम्हाला ते आपल्या रस्त्यावर, जुन्या गाड्यांत, स्वस्तात करून पाहायचं होतं. प्रत्येक गाडीत एक डबा. तो डबा सेकंदाला दहा वेळा आसपासच्या गाड्यांना रेडिओवरून सांगणार की मी इथे आहे, या वेगानं चाललोय, आत्ता ब्रेक लावला. पुढच्या गाडीनं जोरात ब्रेक लावला की मागच्या डब्यावर लाल दिवा लागणार आणि कर्कश पिपाणी वाजणार. डबा, अँटेना, रेडिओ हे माझं काम. तिचं काम दुसरं होतं. रस्त्याच्या कडेला बसून कुणी खोटा ब्रेक सोडला तर? म्हणून प्रत्येक संदेशावर त्या डब्याची सही. सही अशी की तिची नक्कल करता येत नाही, आणि संदेशातलं एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. शिवाय त्या सहीवरून कुणाला आपल्या गाडीचा माग काढता येऊ नये, म्हणून डबा थोड्या थोड्या वेळानं आपली ओळख बदलत राहणार. आम्ही घरात या सगळ्याला 'कुलूप' म्हणायचो.

वर्षभर आम्ही विष्णुपुरीच्या आमच्या भाड्याच्या घरात त्या डब्यांसोबत राहिलो. जेवणाच्या टेबलावर डबे, कपाटावर अँटेना. कॉलेजच्या बसमध्ये, आमच्या गाडीत आणि नांदेड-लातूर चालणाऱ्या एका काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही ते बसवले. पहिल्यांदा जीपनं ब्रेक लावला आणि मागच्या बसमध्ये दिवा लागला, तेव्हा जीपवाला उतरून पळत आला. डब्याला कान लावून म्हणाला, "म्याडम, हे तर जित्तं हाय की!"

तो म्याडमला म्हणाला. डबा मी केला होता, सोल्डरिंगनं माझी बोटं भाजली होती. पण ड्रायव्हरांशी बोलायची ती. घरी कोण कोण आहे विचारायची, त्यांच्या तक्रारी वहीत लिहायची. त्यामुळे ती झाली 'डब्याच्या म्याडम' आणि मी 'म्याडमचे सर'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा हसताना गाल दुखले.

मग पुण्याच्या एका वाहन-संशोधन संस्थेतून तिघं जण आमचं काम पाहायला आले. त्यांना पटलं तर पुढे मोठ्या प्रमाणावर चाचण्या होणार होत्या. मी रात्र रात्र जागून रेडिओची माहिती तयार केली होती. त्यांनी ती पाच मिनिटं पाहिली, माना हलवल्या आणि तिच्याकडे वळले. तिच्याशी ते सव्वा तास बोलले. ती फळ्यावर आकृत्या काढत होती, तिच्या ओढणीला खडूची पूड लागली होती, आणि तिघांपैकी सगळ्यात म्हातारा माणूस शाळेतल्या पोरासारखा पुढे वाकून लिहून घेत होता. निघताना तो मला म्हणाला, "रेडिओ चांगला आहे. पण रेडिओ बाजारात मिळतो हो. हे कुलूप यांचं आहे."

मी म्हणालो, "हो, ती आहेच हुशार." माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

स्थानिक पेपरात फोटो आला. फोटोत ती आणि डबा. डाव्या कडेला एका माणसाचा कोपर होता. तो माझा. माझ्या आईनं गावाकडे तो फोटो कापून देवघराच्या भिंतीला चिकटवला आणि फोनवर सांगितलं, "सून लई गुणाची निघाली रं. गावात समदे इचारून राहिलेत." माझ्याबद्दल कुणी विचारतंय का, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची लाज वाटली, आणि उत्तराची भीतीही.

मत्सर एकदम येत नाही. मला तो आधी बारीकसारीक गोष्टींत दिसला. ती फोनवर बोलत असली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. तिनं विचारलं, "अहो, हे वाचून बघता का?" की मी म्हणायचो, "ठेव, बघतो," आणि दोन दिवस तो कागद तिथेच पडू द्यायचो. तिच्या लिखाणात व्याकरणाची चूक सापडली की मला दिवसभर बरं वाटायचं. ती आजारी पडली की मी फार प्रेमानं काळजी घ्यायचो. हे लिहिताना मान खाली जाते, पण ते तसंच होतं. ती अंथरुणात आणि मी उभा, ही मांडणी मला आवडायची.

त्याच दिवसांत आमचं एक मोठं भांडण झालं. कॉलेजच्या आढावा बैठकीत असं दिसलं की बरेचसे संदेश वाया जातायत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, रेडिओ माझा म्हणून. मी भडकलो. बैठक संपल्यावर पार्किंगमध्येच मी तिला म्हणालो, "माझा रेडिओ संदेश दारापर्यंत नेऊन सोडतो. तुझं कुलूप त्याला दारातून हाकलतं, आणि बदनामी माझी होते."

ती शांतपणे म्हणाली, "कारण डब्याचं घड्याळ सुरुवातीला लागलेलं नसतं. ते उपग्रहावरून लागतं, आणि उपग्रह सापडायला वेळ लागतो. तोवर संदेशावरची वेळ चुकीची पडते. अर्ध्या सेकंदापेक्षा जुना संदेश घ्यायचा नाही, असा नियम आहे."

"मग नियम सैल कर. चाचण्या होईपर्यंत तरी."

"सैल केला तर..."

"सैल कर म्हटलं ना. का सगळ्यांनी मलाच नालायक म्हणावं, असं वाटतं तुला?"

ती गाडीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून एकही संदेश वाया गेला नाही. आढाव्यात माझा आलेख सरळ वर गेला. मी ते जिंकल्यासारखं मिरवलं आणि त्यामागचं भांडण विसरून गेलो.

पुण्याची माणसं पुन्हा येणार होती, या वेळी रस्त्यावरचं प्रात्यक्षिक पाहायला. शुक्रवारी लातूर ते चाकूर. त्याच्या आधीच्या सोमवारी मी कॉलेजच्या मैदानात नवी अँटेना तपासत होतो. सकाळी बसच्या डब्यातून निघालेले संदेश मी लॅपटॉपवर टिपून ठेवले होते. दुपारी चुकून तेच संदेश रेडिओवरून पुन्हा सोडले गेले. टेबलावरच्या डब्याचा दिवा लाल झाला आणि पिपाणी वाजली. मैदानात एकही गाडी हलत नव्हती. बस झाडाखाली बंद उभी होती.

मी पुन्हा सोडले. पुन्हा पिपाणी.

मला कळलं. सही खरी होती, संदेश खरा होता. फक्त शिळा होता. सकाळी कुणीतरी खरोखर लावलेला ब्रेक दुपारी पुन्हा वाजवता येत होता, आणि तिचं कुलूप त्याला ताजा समजून आत घेत होतं. कुलूप फोडायची गरजच नव्हती, सकाळची किल्ली दुपारी चालत होती.

त्या क्षणी मला आनंद झाला. खरंच सांगतो, लग्नाच्या दिवशी झाला नव्हता इतका. हे असं का होतंय, नियम कधी आणि कशामुळे सैल झाला, याकडे माझं मन गेलंच नाही. किंवा मी ते जाऊ दिलं नाही.

घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात धपाटे थापत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं मागे न बघताच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"काहीतरी सांगायचंय असं उभे राहिलात."

"नाही. भूक लागलीय."

ते सांगायला मला दहा शब्द लागले असते. मंगळवारी सांगता आलं असतं, बुधवारी, गुरुवारी. गुरुवारी तर तिनं स्वतःच विचारलं, "उद्या काही राहिलं तर नाही ना?" मी म्हणालो, "माझ्याकडून सगळं तयार आहे."

माझा बेत असा होता. शुक्रवारी पाहुणे कॉलेजच्या बसमध्ये बसणार, ती त्यांच्यासोबत. पुढे जीप चालणार. सकाळी सराव होईल तेव्हा चाकूरच्या अलीकडे एका ठरलेल्या जागी जीप ब्रेक लावेल, तो संदेश मी टिपणार. मग खऱ्या प्रात्यक्षिकाच्या वेळी बस त्याच जागी आली की तो पुन्हा सोडायचा. जीप पुढे सरळ चाललेली असेल आणि बसमध्ये मात्र पिपाणी वाजेल. पाहुणे बघतील. तो म्हातारा विचारेल, हे कसं झालं? आणि मी बसमध्ये चढून समजावून सांगेन. एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी बोलतोय आणि ते लिहून घेतायत. गाडीत ड्रायव्हर असतो आणि गाडीच्या मागे रस्ता असतो, हे त्या चित्रात कुठे नव्हतं.

रस्त्यावर रेडिओकडे लक्ष ठेवतो, असं सांगून मी चाकूरच्या अलीकडे एका हॉटेलसमोर थांबलो. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चहा आणि भजी. लॅपटॉप बाकावर, अँटेना खांबाला, हेडफोन गळ्यात. सराव झाला, संदेश टिपला. अकराच्या सुमारास जीप समोरून निघून गेली. तिच्या मागे बस दिसली, खिडकीत तिची निळी ओढणी. मी बटण दाबलं.

बसच्या ड्रायव्हरला तिनंच महिनाभर शिकवलं होतं की पिपाणी वाजली की विचार करू नका, ब्रेक लावा. तो तिचा शब्द पाळणारा माणूस होता. त्यानं सगळा जोर लावून ब्रेक मारला. बस जागेवर थांबली आणि तिच्या मागून आधी टायरचा, मग पत्र्याचा आवाज आला. दुधाची एक कॅन बसच्या बाजूनं घरंगळत माझ्या दिशेनं आली. तिच्या मागोमाग डांबरावरून दूध वाहत आलं.

मी पळत गेलो. मोटारसायकल बसच्या मागच्या बंपरखाली आडवी पडली होती. दूधवाला रस्त्याच्या कडेला बसला होता, तोंड पांढरं, एक खांदा विचित्र खाली उतरलेला. पन्नाशीचा असेल. तिनं माझ्या आधी पोचून आपली ओढणी सोडली होती आणि त्याचा हात गळ्याला बांधत होती. मला बघून ती काहीतरी सांगणार होती. मग तिची नजर माझ्या मानेवर गेली. हेडफोन तसाच गळ्यात होता. तिनं मान वळवून हॉटेलकडे पाहिलं, खांबाला बांधलेली अँटेना पाहिली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग ती गाठ मारायला लागली.

तोवर पाहुणे खाली उतरले होते. म्हातारा घाबरून विचारत होता, "पण जीप तर थांबलीच नव्हती. इशारा आला कुठून?"

ती उभी राहिली. हाताला दूध आणि माती लागली होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "वेळेची तपासणी मी सैल ठेवली होती. जुना संदेश आत आला असणार."

मी तिथेच, तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. मी काहीच बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी जे काही केलंय, त्यात ते गप्प राहणं सगळ्यात वाईट. बटण दाबण्यापेक्षाही.

परत फिरून आलेल्या जीपमध्ये घालून आम्ही त्याला लातूरला नेलं. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, डॉक्टर म्हणाले सहा आठवडे हात हलवायचा नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघं एका बाकावर बसलो. समोर औषधांसाठी रांग लागली होती. तिनं रांगेकडे बघतच विचारलं, "कधी कळलं तुला?"

बारा वर्षांत ती पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली.

"सोमवारी."

"सोमवारी धपाटे केले होते," ती म्हणाली. हातावरची वाळलेली माती खरवडली. मग म्हणाली, "ती अट मी कुणासाठी सैल केली होती?"

तेव्हा मला पार्किंगमधलं ते भांडण आठवलं. माझी तोंडाला फेस येईपर्यंतची बडबड, आणि तिचं अर्धवट राहिलेलं वाक्य. सैल केला तर काय होईल, हेच ती सांगत होती. माझ्या आलेखासाठी तिनं आपलं कुलूप उघडं ठेवलं होतं, आणि मी त्याच फटीतून आत शिरलो होतो.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"मग आता तू सांग. मी परत सांगणार नाही."

त्याच दुपारी मी पाहुण्यांना विश्रामगृहात जाऊन गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हातारा माझ्याकडे रागानं पाहत नव्हता, संकोचानं पाहत होता. तो राग असता तर बरं झालं असतं. प्राचार्यांना मी लिहून दिलं. त्यांनी मला डब्यांच्या कामातून काढलं आणि सत्र संपेपर्यंत लॅबमध्ये पाऊल ठेवू नका म्हणाले. मग राहिला दूधवाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खाटेजवळ गेलो. त्याची बायको उशाशी बसली होती. रेडिओ, सही, शिळा संदेश हे सांगायला लागलो, पण ते सगळं माझ्या तोंडात लपायच्या जागांसारखं झालं. शेवटी सरळ म्हणालो, "मामा, बसला खोटा इशारा मी दिला. मुद्दाम. बायकोची फजिती व्हावी म्हणून."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. "म्हंजे तुमी बायकोवर जळून राहिले व्हते?"

"हाव."

"त्या ओढणीवाल्या बाईवर?"

"हाव."

त्याला हसू आलं आणि खांद्यात कळ आली. "आईऽ," म्हणून त्यानं डोळे मिटले. त्याची बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "शिकलेल्या मानसाला कामं न्हाईत का? आता दूध कोन वाटंल? तुमचा डब्बा वाटंल?"

पोलिसांत जा, असं मीच त्याला सांगितलं. तो गेला नाही. पण त्याच्या बायकोचा प्रश्न बरोबर होता. त्यांचं गाव चाकूरपासून सहा किलोमीटरवर. दोन म्हशी आणि एक देवणी गाय घरच्या, बाकी दूध गावातून गोळा करून तो रोज सकाळी चाकुरात तीसेक घरी घालायचा. मी रजा टाकली आणि म्हणालो, मी वाटतो.

सहा आठवडे मी लातूरला सासऱ्यांकडे राहिलो. पहिल्या दिवशी सासरे दारातच भेटले. झालेलं सगळं त्यांना कळलं होतं. त्यांनी खुंटीवरची आपल्या मोटारसायकलची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि दुकानात निघून गेले. रोज उजाडायच्या आधी उठून मी त्या गावी जायचो. बाई धार काढायची, मी कॅन बांधायचो. पहिल्या आठवड्यात दोन घरं विसरलो, एका घरी म्हशीच्या ऐवजी गाईचं घातलं. गिऱ्हाइकं दार उघडून आधी माझ्या मागे बघायची. "मामा कसे हायत?" मग, "मामा लई नीट माप घालत्यात हो." एक म्हातारी तर रोज पातेलं पुढे करताना म्हणायची, "त्याच्या हाताचं दूधच येगळं लागतंय."

आणि काय सांगू, मला त्या दूधवाल्याचाही हेवा वाटायला लागला. हात गळ्यात बांधून अंगणात बसलेल्या माणसाचा. लोकांनी त्याला विचारावं आणि मी दूध घेऊन दारात उभा असावं, हे मला टोचायचं. एके दिवशी चाकूरच्या एका गल्लीत मोटारसायकल स्टँडवर लावून मी उभा राहिलो आणि मला स्वतःची किळसही आली आणि हसूही आलं. हे बायकोमुळे नव्हतं. ती जगात नसती तरी मी कुणावर तरी जळलोच असतो.

ती या काळात दर रविवारी यायची. दूधवाल्याच्या घरी जायची, त्याच्या बायकोशी बोलत बसायची. माझ्याशी मोजकं बोलायची. चौथ्या रविवारी ती एक डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. तिनं अट पुन्हा अर्ध्या सेकंदावर आणली होती. शिवाय घड्याळ लागल्याशिवाय डबा आता तोंडच उघडत नव्हता, आणि एकदा ऐकलेला संदेश दुसऱ्यांदा घेत नव्हता. "तोडून दाखव," ती म्हणाली.

"मी?"

"तुझ्याइतका मन लावून कोण प्रयत्न करेल?"

दूध वाटून आल्यावर मी तीन दिवस सासऱ्यांच्या माडीवर बसलो. शिळे संदेश सोडले, उलटे सोडले, दोन ठिकाणांहून सोडले. डबा गप्प. बुधवारी मी तिला फोन केला. "नाही तुटत," मी म्हणालो. मला 'छान केलंस' म्हणायचं होतं, पण ते बाहेर येईना. शेवटी म्हणालो, "मला आत्ताही जळजळ होतेय. तुटलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण या वेळी सांगितलंस."

दूधवाल्याचा हात बरा झाला. पावसाच्या दिवसांत तो खांदा अजून दुखतो, असं तो सांगतो, आणि ते ऐकताना मी खाली बघतो. पुण्याच्या लोकांनी तिला काम पुढे न्यायला वर्षभरासाठी बोलावून घेतलं. त्या कामावर तिचं एकटीचं नाव आहे. मी आपल्या वर्गात अँटेना शिकवतो. लॅबची चावी मला परत मिळाली, पण मागायला जरा वेळ लागला.

गेल्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, इथे रेडिओवाला एक जण आहे, फार चांगलं काम करतो. "चांगलं आहे," मी म्हणालो. मग थांबलो. "नाही, चांगलं नाही वाटत मला. तो काय करतो?"

ती हसली. "ट्रॉलीवर ऊस भरला की अँटेना झाकली जाते. त्याला उपाय सापडत नाहीये. ऊस त्यानं फक्त रसाच्या गाडीवर बघितलाय."

"ट्रॉलीला कशाला लावतोय? ट्रॅक्टरच्या छताला लाव म्हणावं. आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूला दुसरी, चाकाच्या वर, आतून."

"थांब, लिहून घेते," ती म्हणाली. कागद सरकवल्याचा आवाज आला. "हं, सांग."